पोटातील जीवाणूंची सनद

मनुष्याच्या आतड्यात वास करणाऱ्या अगणित जीवाणूंपैकी कोणास ‘प्रोबायोटिक’ म्हणून हितकर्त्याची सनद द्यावी आणि कोणाचा अर्ज फेटाळावा, हा प्रश्न सकृद्दर्शनी प्रयोगशाळेचा वाटला, तरी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि ताक यांवर ज्यांचा पिंड पोसला गेला त्या नांदेड-लातूरच्या लोकांना तो परका मानता येणार नाही. कारण आतड्यातील ही वस्ती पुष्कळशी आहारावर ठरते, आणि बाजारातील कित्येक नामांकित वाण मात्र परमुलखातील पोटांतून आलेले आहेत.

१९१७ साली जर्मनीत आल्फ्रेड निस्ल यांनी, सोबतीचे शिपाई हगवणीने अंथरुणास खिळले असता जो एकटा धडधाकट राहिला, त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा काढला. तेथे माणसाची साक्ष आधी झाली, जीवाणू मागाहून सापडला. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेत गोरबाख व गोल्डिन यांनी हा क्रम उलटा केला: आम्ल व पित्त सोसणारा, आतड्यास चिकटणारा जीवाणू हवा, असे निकष आधी ठरवले आणि निरोगी माणसाच्या मलातून तो हुडकला. आपल्याकडील विद्यापीठांतून होणारे काम बहुधा या दुसऱ्या वळणाचे असते.

ते जवळून पाहावे. मलाचा कणभर नमुना निर्जंतुक क्षारद्रावणात दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करीत नेऊन एम.आर.एस. अगरच्या बशीवर पसरतात. ३७ अंशांवर दोन दिवस ठेवल्यावर पांढुरक्या वसाहती दिसू लागतात. त्यांतील एखादी उचलून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात घातली आणि बुडबुडे उठले नाहीत, शिवाय ग्रॅमच्या रंगाने सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या कांड्या दिसल्या, तर लॅक्टोबॅसिलसचा संशय धरून तपास पुढे चालतो. मग दोन-तीन सामूचे आम्ल, ०.३ टक्के पित्तक्षार, रोगजंतूंशी सामना, आणि रक्त मिसळलेल्या अगरवर रक्तपेशी फोडण्याची खोड आहे की काय, याची चौकशी. प्रतिजैविकांना दाद न देणारा जीवाणू नवख्यास गुणवान वाटतो; परंतु ती शक्ती देणारे जनुक शेजारच्या रोगजंतूच्या हाती जाऊ शकत असेल, तर तोच गुण अपात्रतेचा दाखला ठरतो.

या पद्धतीतील पक्षपात मात्र क्वचितच बोलला जातो. बशीवर सहज उगवतो तो उमेदवार होतो; आतड्यातील बहुसंख्य रहिवासी प्राणवायू लागताच मरतात, त्यांचा अर्ज दाखलच होत नाही. पुण्याच्या संशोधकांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. योगेश शौचे, दिलीप रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एका छपराखाली नांदणाऱ्या तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबांतील जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि २०१४ मध्ये मानवी मलातून मिळालेल्या, प्राणवायू न सोसणाऱ्या ‘मेगास्फेरा इंडिका’ या नव्या प्रजातीचे वर्णन केले.

तथापि, काचेच्या नळीतील यश हा खालच्या कोर्टाचा निकाल होय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाणापर्यंत ओळख, सुरक्षिततेची तपासणी आणि माणसांवरील चाचणी, असा सारा क्रम सांगितला आहे. ग्रामीण ओडिशात ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी हा त्याचा नमुना: लॅक्टोबॅसिलस प्लँटारम व एक शर्करायुक्त पूरक घटक सात दिवस दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले.

नांदेडला विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही विष्णुपुरीतच आहेत; एकाकडे बशा आहेत, दुसऱ्याकडे रुग्ण आणि वैद्य. या दोहोंनी मिळून ज्वारी खाणाऱ्या माणसाच्या पोटातील एखादा तरी वाण मानवी चाचणीपर्यंत न्यावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. तोवर वाचकांनी एवढे करावे: औषधाच्या दुकानात पुडी हाती आली की तिच्यावर केवळ प्रजातीचे नव्हे, तर वाणाचे नाव वा क्रमांक आणि मुदत संपेपर्यंतच्या जिवंत जीवाणूंची संख्या छापली आहे का ते पाहावे, आणि नसेल तर ती दुकानदारास परत करावी.