ग्वाल्हेरची धाकटी आगगाडी

आगगाडीच्या दोन रुळांमध्ये अंतर किती असावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. वस्तुतः एखाद्या मुलखाचे दैव त्या अंतराशी बांधलेले असू शकते. ग्वाल्हेर संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवघ्या दोन फुटांच्या अंतराने रूळ टाकण्यास आरंभ केला आणि शेकडो खेडी आगगाडीच्या टप्प्यात आणली. त्या दोन फुटांनी काय दिले आणि त्याची किंमत काय घेतली, याचा हिशेब उद्बोधक आहे.

आगगाडीचे महत्त्व शिंदे सरकारने फार लवकर ओळखले होते. १८७२ साली जयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी संस्थानाने ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, आणि पुढल्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम दिली. १८८१ मध्ये आग्र्याकडून गाडी ग्वाल्हेरास आली आणि १८८९ मध्ये ती झाशीस जोडली गेली. उत्तर हिंदुस्थान आणि दक्षिण यांच्यामधील हमरस्त्यावर ग्वाल्हेर आले.

राजधानीची सोय झाली. मुलखाची मात्र झाली नाही. भिंड, जौरा, सबलगढ, श्योपूर आणि तेव्हाचे सिप्री म्हणजे आजचे शिवपुरी, ही गावे या हमरस्त्यापासून दूर. एकीकडे चंबळेच्या पाण्याने कोरलेल्या घळी, तर दुसरीकडे खडकाळ माळ आणि रान. माल न्यावयाचा तो बैलगाडीने किंवा उंटाच्या पाठीवर. पावसाळ्यात चिखलाने वाट अडली की तोही राहावयाचा. याहून मोठे संकट दुष्काळाचे. दुष्काळात धान्य महाग होते, एवढेच सामान्यतः ध्यानात येते. पण ज्या बैलांनी ते ओढून आणावयाचे, त्यांनाही त्याच वेळी चारापाणी मिळत नाही. धान्याची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच गाडा जागीच बसतो. आगगाडीला मात्र वाटेवरच्या चाऱ्याची अपेक्षा नसते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्गांचा विस्तार करण्याची शिफारस केली, तिचे मर्म हेच होते. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी ते पुन्हा पटवून दिले.

अशा वेळी संस्थानाची सूत्रे माधवराव शिंदे यांच्या हाती होती. १८७६ साली जन्मलेल्या या राजाला यंत्रांचे, विशेषतः आगगाडीचे, विलक्षण वेड होते. जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या टेबलावर पाहुण्यांपुढून मद्य आणि सिगार घेऊन फिरणारी चांदीची छोटी गाडी आजही प्रेक्षकांचे कौतुक ओढून घेते. त्यामुळे ग्वाल्हेरची धाकटी आगगाडी म्हणजे राजाची एक हौस, असा समज सहज होतो. हौस होती, हे खरे. पण हौसेखातर कोणी शेकडो मैल रूळ टाकीत नाही.

दोन फुटांची निवड करण्यात चोख व्यवहार होता. मोठ्या मार्गाच्या रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते. अंतर कमी झाले की रूळ हलके चालतात, स्लीपर आखूड लागतात, मातीचे बांध व पूल अरुंद पुरतात. शिवाय छोट्या गाडीला अवघड वळण सहज घेता येते. म्हणून टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. जेथे माल थोडा आणि गावे विरळ, तेथे मोठ्या मार्गाचे व्याजही सुटले नसते. प्रश्न मोठी गाडी की लहान गाडी, असा नव्हताच. लहान गाडी की गाडीच नाही, असा होता.

१८९९ साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते या मार्गाचे उद्घाटन झाले. भिंडची शाखा सुमारे ८५ किलोमीटर, तर शिवपुरीची सुमारे १२०. तिसरी शाखा १९०४ मध्ये जौऱ्याला व त्याच वर्षी सबलगढला गेली, १९०८ मध्ये बीरपूरला आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचली. ही एकटीच शाखा सुमारे २०० किलोमीटरांची. जगातील सर्वांत लांब दोन फुटी मार्गांमध्ये तिची गणना होत असे.

अशा मार्गावर उतारू आणि माल यांचा संसार एकत्र चाले. मिश्र गाडीला पुढे डबे, मागे वाघिणी. लहान स्टेशनावर रिकामी वाघीण बाजूच्या रुळावर सोडून द्यावी, आसपासच्या शेतकऱ्यांनी आपले गाडे तिला भिडवून पोती भरावी, आणि पुढल्या गाडीने ती ओढून न्यावी. धान्य, गळिताची धान्ये, रानातले लाकूड असा माल ग्वाल्हेरकडे येई. मीठ, कापड, लोखंडी सामान परतीच्या वाटेने जाई. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात खोळंबणे ओघानेच आले. वेग बेताचा, परंतु बैलगाडीशी तुलना करणाऱ्यास तो पुष्कळ होता.

खरी अडचण ग्वाल्हेर स्टेशनात उभी राही. धाकट्या रुळांवरची वाघीण थोरल्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून आग्र्यास किंवा मुंबईस जाणारे प्रत्येक पोते एका वाघिणीतून काढून हमालाच्या पाठीवर घ्यावयाचे आणि दुसरीत रचावयाचे. मोठी वाघीण वीस-बावीस टनांची. तिच्यासाठी अनेक लहान वाघिणी रित्या कराव्या लागत. त्यात वेळ जाई, मजुरी पडे, पोती फाटत, धान्य सांडे. मार्ग बांधताना वाचलेला पैसा अशा रीतीने दररोज थोडा थोडा परत द्यावा लागे, आणि त्याचा भार हमालाच्या पाठीवर पडे.

बैलगाडी हीच प्रतिस्पर्धी होती तोवर हा तोटा सोसवला. १९४२ साली या मार्गास ‘सिंदिया स्टेट रेल्वे’ असे नाव मिळाले आणि १९५१ मध्ये तो मध्य रेल्वेत विलीन झाला. त्यानंतर रस्ते सुधारले, मालमोटारी वाढल्या. मालमोटार व्यापाऱ्याच्या दारात भरते आणि गिऱ्हाइकाच्या दारात रिकामी होते. मध्ये पोते उचलावे लागत नाही. दोन फुटी रुळांवरचा माल ओसरत गेला तो याच कारणाने. भिंड व शिवपुरी यांना पुढे रुंद मार्ग मिळाले; २०१६ पासून भिंडच्या पलीकडे इटाव्यापर्यंत उतारूंची गाडी जाऊ लागली. श्योपूरची शाखा मात्र उतारूंच्या आधाराने टिकून राहिली. दिवसभराचा तो प्रवास गरिबांना परवडे, आणि पावसाळ्यात कित्येक खेड्यांना तोच आधार असे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे ती थांबली, ती पुन्हा निघालीच नाही. तिच्या जागी रुंद मार्ग घालण्याचे काम सुरू झाले आणि २०२३ मध्ये सुमावलीपर्यंत मोठी गाडी धावू लागली.

आता पोती पाठीवर घेऊन वाघीण बदलण्याचे कारण उरणार नाही. ते इष्टच आहे. तथापि धाकट्या गाडीला चुकलेला हिशेब म्हणून निकालात काढणे न्यायाचे होणार नाही. परवडेल तेवढ्याच रुंदीचे रूळ टाकण्याचे धैर्य त्या वेळी कोणी दाखविले नसते, तर श्योपूरच्या शेतकऱ्याला रुंद मार्गाची वाट पाहत शतकाहून अधिक काळ बैलांच्या मागेच चालावे लागले असते.