वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील वाचनाची तयारी : बमरोली परिसराच्या संदर्भात

अमेरिकेतील 'एमकॅट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत वाचनाचा स्वतंत्र विभाग असतो. त्यात ९० मिनिटांत नऊ उतारे वाचून ५३ प्रश्न सोडवावे लागतात. आपल्याकडील 'नीट' परीक्षेत असा विभाग नाही. म्हणून वाचनाची वेगळी तयारी नको, असा समज रूढ झालेला आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

२०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे होती. त्यांपैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे होते. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. म्हणजेच विषय येत असूनही केवळ वाक्य चुकीचे वाचले, तर पाच गुणांचा फरक पडतो. नीटमधील वाचनाचा विभाग असा प्रत्येक प्रश्नात दडलेला आहे.

भाषेची निवड

सुरतच्या बमरोली, पांडेसरा, उधना या औद्योगिक पट्ट्यात कामधंद्यासाठी परप्रांतांतून आलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यांत खानदेशातील मराठी कुटुंबेही आहेत. महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबरच हिंदी, मराठी व उर्दू माध्यमांतही चालतात. नीट १३ भाषांत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१७ मधील निर्देशानंतर २०१८ पासून तीत उर्दूचा समावेश झाला. मात्र सर्व भाषा सर्व केंद्रांवर मिळत नाहीत. इंग्रजी, हिंदी व उर्दू प्रश्नपत्रिका देशभर मिळतात, गुजराती गुजरातमधील केंद्रांवर, तर मराठी फक्त महाराष्ट्रातील केंद्रांवर. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने सुरत केंद्र घेतले, तर त्याला मराठी प्रश्नपत्रिका मिळत नाही. ही गोष्ट अर्ज भरताना कळून उपयोग नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून वाचनाची भाषा अकरावीतच ठरवावी.

भारतीय भाषांच्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजी मजकूरही असतो व शंका उद्भवल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण धरला जातो. म्हणून कोणतीही भाषा निवडली तरी इंग्रजी संज्ञांची ओळख अनिवार्य ठरते.

संज्ञांचा गोंधळ

ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाकडून शरीरभर नेणाऱ्या रक्तवाहिनीस इंग्रजीत 'आर्टरी', मराठीत 'धमनी' किंवा 'रोहिणी', गुजराती व हिंदीत 'धमनी', तर उर्दूत 'शिरयान' म्हणतात. हृदयाकडे रक्त परत आणणारी ती 'व्हेन', म्हणजे मराठी, गुजराती व हिंदीतील 'शिरा' आणि उर्दूतील 'वरीद'. 'शिरयान' आणि 'शिरा' कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. घरी एक भाषा, शाळेत दुसरी व शिकवणीत तिसरी ऐकणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो. प्रत्येक धड्यातील अशा संज्ञांचा तक्ता विद्यार्थ्यांकडूनच वहीत करून घ्यावा.

विधान आणि कारण

पुढील नमुना वर्गात घेता येईल. विधान : धमन्यांच्या भिंती जाड असतात. कारण : फुप्फुसाकडे जाणारी धमनी कमी ऑक्सिजन असलेले रक्त वाहून नेते. दोन्ही वाक्ये सत्य आहेत, परंतु दुसरे पहिल्याचे कारण नाही. भिंती जाड असण्याचा संबंध रक्ताच्या दाबाशी आहे. अशा प्रश्नात तीन पायऱ्या पाळाव्यात. प्रथम विधान स्वतंत्रपणे तपासावे. नंतर कारण स्वतंत्रपणे तपासावे. शेवटी दोहोंमध्ये 'कारण की' हा शब्द घालून अर्थ जुळतो का, ते पाहावे.

वर्गातील सराव

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे पुरेशी आहेत. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद मूकवाचनास द्यावा आणि त्यावरून प्रत्येक विद्यार्थ्याने दोन सत्य व दोन असत्य विधाने तयार करावीत. प्रश्नातील 'अयोग्य', 'नाही', 'फक्त', 'सर्व', 'वगळता' या शब्दांखाली रेघ मारण्याची सवय लावावी. उत्तर चुकल्यास ते विषय न आल्यामुळे चुकले की वाक्य नीट न वाचल्यामुळे, याची नोंद विद्यार्थ्याने ठेवावी. दुसऱ्या प्रकारच्या चुका महागड्या शिकवणीशिवाय दुरुस्त होऊ शकतात. सामान्य कामगाराच्या मुलामुलींसाठी भाषाशिक्षक व विज्ञानशिक्षक यांनी मिळून हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.