नावाचे मोल आणि नावावरचे कर्ज

जमिनीची किंमत कशावरून ठरते, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला शिकवावे लागत नाही. रस्ता किती जवळ, विहिरीला पाणी किती, सातबाऱ्यावर नावे कोणाची, हे तो आधी विचारतो. म्हशाच्या यात्रेत बैल घेतानाही तो दात बघतो, चाल बघतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. पण आता बाजारात अशी एक वस्तू आली आहे, की जिला दात नाहीत आणि चतुःसीमाही नाहीत. ती म्हणजे इंटरनेटवरचे नाव. व्यवहारात त्याला डोमेन नाव म्हणतात. या नावांना कोटींचे मोल येते, ती हप्त्याने विकली जातात आणि त्यांवर कर्जही मिळते. हे कर्ज कशाच्या जोरावर मिळते आणि बुडाले तर कोणाला भोवते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हे नाव कोणी कायमचे विकत घेत नसतो, ही पहिली गोष्ट. तो इंटरनेटवरच्या दुकानाचा पत्ता असतो. नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे फी भरून तो आपल्या नावे ठेवावयाचा. एका वेळी फार तर १० वर्षांची नोंद होते. या साऱ्या कारभारावर १९९८ साली स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था देखरेख ठेवते. 'डॉट इन' हे शेपूट असलेली भारतीय नावे 'निक्सी' सांभाळते, आणि २०१४ पासून 'डॉट भारत' असे देवनागरी नावही घेता येते. कोणी न घेतलेले साधे नाव वर्षाला हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळून जाते. परंतु एक पत्ता एकाच्याच नावे असू शकतो. म्हणून सोपे आणि सर्वांच्या तोंडचे शब्द ज्यांनी आधी अडवून ठेवले, त्यांच्याकडून ते चढ्या भावाने घ्यावे लागतात. 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव २०१९ साली तीन कोटी डॉलरला विकले गेले, ते असेच.

एवढी रक्कम रोख मोजणारे थोडे. तेव्हा व्यवहाराच्या निरनिराळ्या रीती निघाल्या आहेत, आणि त्यांतील एकही आपल्याला सर्वस्वी परकी वाटू नये.

रोखीच्या व्यवहारात पैसे आधी त्रयस्थाकडे ठेवतात. नाव खरेदीदाराच्या खाती आले, की त्रयस्थ ते पैसे विकणाऱ्याला देतो. याला एस्क्रो म्हणतात. दुसरी रीत हप्त्यांची. येथे पैशांऐवजी नावच त्रयस्थाच्या ताब्यात राहते; खरेदीदार ते वापरतो, आणि शेवटचा हप्ता फिटला की नाव त्याचे होते. साठेखत करून जमीन कसायला द्यावी आणि खरेदीखत पुढे करावे, तसाच हा प्रकार. मात्र हप्ते थकले, तर बहुतेक करारांत नावही जाते आणि भरलेले पैसेही जातात. तिसरी रीत भाड्याची: ठराविक मुदतीपर्यंत भाडे भरावे आणि आधी ठरलेल्या किमतीला नाव घेण्याचा हक्क राखून ठेवावा. चौथ्या रीतीत विकणारा रोकड कमी घेतो आणि धंद्यातच भागी मागतो. पाचवी रीत तारणाची: सावकार नाव आपल्या ताब्यात अडकवून ठेवतो आणि अंदाजी किमतीच्या काही हिश्शाइतकेच कर्ज देतो.

या पाचव्या रीतीपाशी जरा थांबले पाहिजे. नावे दोन जातींची असतात. एक, भाषेतला सर्वांचा शब्द. दुसरे, कोणीतरी कष्टाने कमावलेले नाव. पहिल्या जातीचे नाव मालक बुडाला तरी बुडत नाही. अमेरिकेत २००६ साली एका कंपनीने कर्ज काढून एक नाव घेतले होते. ते या व्यासपीठावरून उच्चारण्याजोगे नाही. कर्ज थकले, २०१० च्या मार्चात सावकाराने लिलाव ठेवला, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेले. आणि तरीही त्याच वर्षी ते नाव एक कोटी तीस लाख डॉलरला खपले. कारण त्या शब्दाला गिऱ्हाईक कंपनीमुळे येत नव्हते.

दुसऱ्या जातीचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. किंगफिशर या विमान कंपनीला बँकांनी जी कर्जे दिली, त्यांच्या तारणांत कंपनीचे नाव आणि बोधचिन्हेही होती. जाणकारांनी त्या नावाची किंमत चार हजार कोटींच्या वर काढली होती. २०१२ च्या ऑक्टोबरात विमाने जमिनीवर बसली. २०१६ च्या एप्रिलअखेर स्टेट बँकेच्या पुढाकाराखालील बँकांनी ते नाव ३६६ कोटी ७० लाखांच्या किमान बोलीने लिलावात काढले, तेव्हा एकही बोली आली नाही.

मग चार हजार कोटी गेले कोठे? आमचे उत्तर असे, की ते नावात कधी नव्हतेच. वेळेवर सुटणारे विमान, यंत्र तपासणारा कारागीर, प्रवाशाशी गोड बोलणारी मुलगी, यांच्या कामाची ती किंमत होती. त्यांचे पगार महिनोन् महिने थकले, काम थांबले, आणि तारण मागे नुसती अक्षरे होऊन उरले. त्यावर दिलेले पैसे मात्र ठेवीदारांचे होते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी, तारण सोडून सामाईक वाटपात आलेल्या सावकाराच्या बरोबरीने धरली आहे. पण वाटावयास काही उरले, तरच त्या बरोबरीला अर्थ.

येथे कायद्याचीही एक बाजू आहे. दुसऱ्याच्या कमाईवर डल्ला मारणारे नाव टिकत नाही. 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव घेणाऱ्यांस मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली मनाई केली. आणि डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ साली ठरविले. तेव्हा दुसऱ्याच्या नावासारखे नाव कर्ज काढून घेणे म्हणजे वादातली जमीन गहाण घेण्यासारखेच.

वाशिंदच्या एखाद्या तरुणाला आपल्या मालासाठी नाव हवे असेल, तर त्याने नवे, स्वस्त नाव घेऊन ते कामाने मोठे करावे, असे आम्ही म्हणू. महागाचे घेणे अटळच असेल, तर घर वा सोने गहाण न टाकता हप्त्याने घ्यावे. नाव त्रयस्थाकडे ठेवावे, हप्ता चुकल्यास काय होईल ते आधी लेखी करावे, आणि वार्षिक नोंदणीची फी कोणी भरावयाची हेही त्यात लिहावे. ती चुकली तर दोघांच्याही हातून नाव जाते. आणि कोणी कमावलेले नाव तारण म्हणून पुढे करील, तर पतपेढीच्या संचालकांनी किमतीच्या दाखल्याबरोबर त्या कंपनीचे हजेरीपत्रक आणि पगारपत्रकही मागून पाहावे. पगार थकू लागले, की तारणाची किंमतही उतरू लागली असे समजावे.