वाहतुकीची कोंडी आणि आमचा धंदा

भिवंडीहून निघालेला कोऱ्या कापडाचा टेम्पो मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटला किती वाजता लागेल, हे आम्हा कापडवाल्यांपैकी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. भाडे, हमाली, डिझेल यांचा हिशेब वहीत चढतो. कोंडीत गेलेल्या तासांचा चढत नाही. पण नुकसान व्हायचे ते होतेच. म्हणून कोंडी का होते व कशी कमी करता येते, हे व्यापारी आणि कारागीर बंधूंनी समजून घेणे जरुरीचे आहे.

गोदामाचे दार पाहा. त्यातून दोन हमाल आरामात ये-जा करतात. त्यातल्या एकाने दारातच गाठ टेकवली की मागच्या दहा जणांचे काम अडते. रस्त्याचेही तसेच आहे. दोन रांगांच्या रस्त्यावर एक टेम्पो माल उतरवायला थांबला की अर्धा रस्ता गेला. त्यात मोटार उभी करायला जागा शोधत चकरा मारणाऱ्यांची भर पडते. म्हणजे दोष केवळ अरुंद रस्त्याचा नाही, उभ्या वाहनांचाही आहे.

पूल बांधला की प्रश्न मिटला, असा अनेकांचा समज असतो. महंमद अली रोडवर २००२ साली सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला. फोर्टकडे थेट जाणाऱ्यांची त्याने सोय झाली. परंतु ज्याचा माल भेंडी बाजारात उतरायचा आहे, त्याला खालच्या रस्त्यानेच यावे लागते. त्याच्यासाठी पूल नव्हे, माल उतरवण्याची जागा आणि वेळ महत्त्वाची.

सिंगापूरने वेगळा मार्ग धरला. जून १९७५ पासून तेथे सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी मोटार आणायची तर परवाना विकत घ्यावा लागू लागला. चार माणसे बसलेल्या मोटारीला, बसला आणि मालवाहू गाड्यांना सूट होती. त्या वेळेतील वाहने पाहता पाहता चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. १९८९ मध्ये मात्र मालाच्या गाड्यांची सूट गेली आणि १९९८ पासून पैसे यंत्राने आपोआप कापले जाऊ लागले. लंडनने २००३ मध्ये असाच आकार सुरू केला. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी सात महिने करून पाहिले. वाहने सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली. मग लोकांचे मत घेऊन २००७ पासून तो कायम केला.

यातून आम्ही दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, सगळी वाहने हटवावी लागत नाहीत. थोडी कमी झाली तरी रस्ता वाहू लागतो. दुसरी, आकार बसला तर त्याचा बोजा लहान दुकानदारावर व कारागिरावर आधी पडेल. एकटा माणूस बसलेली मोटार आणि दहा दुकानांचा माल आणणारा टेम्पो यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. हे सांगायचे तर आधी आमच्या गल्लीत शिस्त हवी.

त्यासाठी काही कामे आमच्या हातातली आहेत. शेजारच्या दुकानदारांनी मिळून माल उतरवण्याच्या वेळा वाटून घ्याव्यात. थोडा थोडा माल चार गाड्यांतून मागवण्यापेक्षा एकाच टेम्पोत मागवावा, भाडेही वाचते. दुकानासमोर आपलीच स्कूटर दिवसभर उभी करू नये. फूटपाथवर ताके आणि खोकी मांडू नयेत. तेथून हटलेला माणूस रस्त्यावर उतरतो आणि तो बहुधा आमचाच ग्राहक असतो. हातगाडीवाल्याला गाडी लावायला ठरलेला कोपरा द्यावा. मग मार्केटच्या असोसिएशनमार्फत वाहतूक पोलिस आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसकडे माल उतरवण्याची राखीव जागा लेखी मागावी.

लग्नसराईत, रमजानच्या संध्याकाळी, दिवाळीच्या आधी गर्दी होणारच, आणि गर्दी आम्हाला हवीच आहे. पण ग्राहक बाजारापर्यंत पोहोचलाच नाही, तर ती गर्दी काय कामाची?