ओझं आणि वजन

१९९४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा तलासरीला बँकेत अधिकारी होतो. (तलासरी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.) स्ट्राँगरूममधलं नाण्यांचं एक पोतं जरा बाजूला सरकवायचं होतं. शिपाई जेवायला गेला होता. छत्तिशीतला गडी मी. म्हटलं, एवढ्याशा पोत्यासाठी त्याची वाट कशाला पाहायची? उभ्याउभ्याच कंबरेत वाकलो, हात लांब करून पोतं धरलं आणि हिसका दिला. कंबरेत काहीतरी ‘कट्’ झालं. पुढचे तीन आठवडे डहाणूच्या भाड्याच्या खोलीत छताचे वासे मोजत पडून होतो.

शिपाई भेटायला आला. माझ्यापेक्षा हडकुळा, वारली पाड्यावरचा माणूस. तेच पोतं त्याने एकट्याने उचलून जागेवर ठेवलं होतं. हसू दाबत म्हणाला, “साहेब, पोतं अंगाशी घ्यावं. लांबून उचललं की तेच आपल्याला ओढतं.”

बँकेच्या सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेल्या माझ्या डोक्यात हे वाक्य शिरायला तीस वर्षं लागली.

निवृत्तीनंतर मी डहाणूलाच राहिलो. सकाळी समुद्रावर फेरी, दुपारी लेखन, संध्याकाळी पुन्हा फेरी. तब्येतीची काळजी घेतोय अशी माझी समजूत होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. उठलो, पण कसाबसा. ते म्हणाले, “चालता ते उत्तमच. आता थोडं वजन उचलायला लागा.” मला वाटलं, थट्टा करताहेत. साठी उलटलेल्या माणसाने आखाड्यात उतरायचं?

पण ती थट्टा नव्हती. तिशीनंतर दर दहा वर्षांत आपले साधारण तीन ते आठ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर ही गळती वाढते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खात्यातून रक्कम आपोआप वजा होत असते. भरणा मात्र आपणच करावा लागतो. १९९० साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. तो पुरा करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की चालण्याफिरण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यावं.

रक्तदाब, हृदय, साखर सगळं तपासून घेतलं आणि स्टेशनजवळच्या व्यायामशाळेत नाव घातलं. पहिला धडा हाच: आधी डॉक्टर, मग डंबेल.

शिकवणारा मुलगा माझ्या मुलापेक्षा लहान. त्याने माझ्या हातात लोखंड दिलंच नाही. केरसुणीची काठी दिली. “काका, पंधरा दिवस हीच उचलायची.” शेजारी कॉलेजची पोरं धडाधड लोखंड उचलत होती आणि मी काठी! अभिमान दुखावला. पण कंबर दुखण्यापेक्षा तो दुखलेला बरा. मोकळा लोखंडी दांडा, ज्याला ते बार म्हणतात, तोच मुळी २० किलोचा असतो. बायकांचा १५ किलोचा. नवख्यासाठी तोही पुष्कळ झाला.

मग त्याने उचलणं शिकवलं. पाय खांद्यांइतके फाकवायचे. बार नडगीला जवळजवळ चिकटलेला हवा. पाठीची कमान न करता, मागे खुर्ची आहे अशा बेताने बसका मागे न्यायचा. पोट घट्ट करायचं आणि पायांनी जमीन खाली दाबत उठायचं. श्वास कोंडून धरायचा नाही; त्याने रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना तो सोडायचा. “आणि काका, बार अंगाशी ठेवा!” तो ओरडला, तेव्हा मला तीस वर्षांपूर्वीचा शिपाई आठवला.

मग आणखी बरंच आठवत गेलं. बँकेच्या खिडकीतून मी रोज मोळ्या घेऊन जाणाऱ्या बायका पाहायचो. मोळी डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागायचा, उतरवायलाही लागायचा. डोक्यावर चुंबळ नीट बसल्याशिवाय पाऊल उचललं जायचं नाही. व्यायामशाळेतही तोच नियम आहे: छातीवर बार घेऊन निजलात तर डोक्याशी कोणीतरी उभं हवंच.

इथे एक मोह होतो. वाटतं, या बायकांना व्यायामशाळा कशाला हवी? गेल्या वर्षी तलासरीकडे गेलो असताना बांधावर मोळी टेकवून दम खात बसलेल्या एका बाईंना मी विचारलं, “मान दुखत नाही का?” त्या म्हणाल्या, “दुखते ना. पण उद्या पण आणायचीच आहे.”

त्या एका वाक्याने माझा मोह उतरला. व्यायामात वजन मी ठरवतो, ते किलो-दोन किलोने वाढवतो, दुखलं तर खाली ठेवतो, दुसऱ्या दिवशी विश्रांती घेतो आणि घरी जाऊन पोटभर जेवतो. स्नायू वजन उचलताना वाढत नाहीत; ते वाढतात नंतरच्या झोपेत आणि जेवणातून. मोळीवालीला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून माझं ते वजन आणि तिचं ते ओझं. तिचं शरीर घडत नाही, झिजतं.

मीराबाई चानू लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहायची, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण २०२१ साली टोकियोत तिने २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं, ते मोळीवर नव्हे. मोळीनंतर तिला प्रशिक्षक, आहार आणि शिस्तशीर सराव मिळाला, त्यावर. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ग्रीसमध्ये कनिष्ठ गटाचं जागतिक सुवर्णपदक जिंकलं, तेही गावातच शिकवणारं माणूस भेटलं म्हणून. आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमला सांगलीच्या संकेत सरगरचं राष्ट्रकुल सुवर्ण एका किलोने हुकलं. १३९ किलो पेलताना त्याचं कोपर दुखावलं. इतकी वर्षं तालीम केलेल्याचीही ही कथा. मग नवख्याने शेजाऱ्याचा आकडा पाहून आपला वाढवू नये, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा वाचकहो, सुरुवात करायची तर आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. मध्ये एक दिवस मोकळा. थोडं कमीच वाटेल इतकं वजन घ्यावं. वळणाचा कंटाळा करू नये. दुखणं आणि दमणं यांतला फरक ओळखावा. जेवणात डाळ, कडधान्य, दूध, अंडी, मासळी असावी. ६० किलोच्या माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून.) महिन्यात फरक दिसला नाही म्हणून खातं बंद करू नये. आवर्ती ठेवीसारखं हे काम. पहिली काही वर्षं पासबुक अगदी गरीब दिसतं.

परवा तलासरीच्या बाजारात तो जुना शिपाई भेटला. आता तोही निवृत्त. मी फुशारकीने सांगितलं, “आता मी चाळीस किलो उचलतो. अंगाशी घेऊन!”

तो खूश झाला. मग म्हणाला, “आणि नेता कुठे?”

“कुठेच नाही. तिथेच ठेवतो.”

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग हसत म्हणाला, “मजा आहे तुमची, साहेब.”

खरंच आहे.