एकच गोष्ट, पाच देश आणि आपला ‘तू’

कोरियन सिरीयल बघणाऱ्यांना होस्टेलवर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘तुला त्यांची भाषा कळते काय?’ आणि दुसरा, ‘सगळ्या सारख्याच नसतात काय?’ दोन्हींची उत्तरं एकदाच द्यावीत म्हणून हा लेखप्रपंच!

आधी दुसरा प्रश्न. सारख्या असतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. योको कामिओ या जपानी लेखिकेने १९९२ मध्ये ‘हाना योरी दांगो’ ही चित्रकथा सुरू केली. श्रीमंत पोरांच्या शिक्षणसंस्थेत आलेली एक साध्या घरची मुलगी तिथल्या चार मुलांच्या टोळीला पुरून उरते, ही तिची गोष्ट. या एकाच गोष्टीवर तैवानने २००१ मध्ये, जपानने २००५ मध्ये, कोरियाने २००९ मध्ये, चीनने २०१८ मध्ये आणि थायलंडने २०२१ मध्ये मालिका काढली. कोरियन मालिकेचं नाव ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघून सकाळी डोळे पुसत घरी जाणाऱ्या आपल्या भागाला एकाच गोष्टीवर पुन्हा पुन्हा रडण्याचं नवल वाटू नये!

आता नायिकेचं नाव बघा. जपानी मालिकेत ती त्सुकुशी. ही रानात आपोआप उगवणारी एक वनस्पती. कोरियात ती जान-दी, म्हणजे गवत. थायलंडमध्ये गोर्या, म्हणजे गवताचा झुबका. कितीही तुडवलं तरी पुन्हा उगवणारी, हा अर्थ प्रत्येकाने आपापल्या भाषेत शोधला. मराठीत कोणी ही मालिका केलीच, तर नाव तयार आहे: दूर्वा!

पण सगळंच असं पार होत नाही. ‘हाना योरी दांगो’ ही मुळात जपानी म्हण. फुलांपेक्षा दांगो बरे, असा तिचा अर्थ. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे. आपल्या धानाच्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला नको. आपली ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ तिच्या अगदी जवळची. लेखिकेने ‘दांगो’ लिहिताना ‘मुलगे’ या अर्थाची अक्षरं वापरून कोटी केली. कोरियन आणि इंग्रजी नावांत मुलगे राहिले, फुलं राहिली, पण खाणं गेलं!

आता पहिला प्रश्न. भाषा कळत नाही, सबटायटल वाचते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे इंग्रजी भरभर वाचता येतं. पण कोरियन भाषेत समोरचा मोठा की लहान, जवळचा की परका, यावर क्रियापदाचं शेपूट बदलतं. दोघं आदराची भाषा सोडून सलगीच्या भाषेवर येतात, तो प्रसंग प्रेमाच्या कबुलीइतकाच मोठा असतो. इंग्रजीत मात्र राजालाही ‘यू’ आणि कुत्र्यालाही ‘यू’! मराठीत फक्त ‘तुम्ही’चा ‘तू’ केला, की काम झालं. ‘जेवलीस का?’ हेही तसंच. कोरियात आणि आपल्याकडे या प्रश्नात जेवणापेक्षा काळजी जास्त असते.

अर्थात मराठीही कुठेतरी अडतेच. ‘ओप्पा’ म्हणजे मुलीचा मोठा भाऊ, आणि वयाने मोठ्या प्रियकरालाही हीच हाक. तिथे ‘दादा’ लिहिलं तर लग्नाऐवजी राखीपौर्णिमा!

हे सगळं दूरच्या देशांतच घडतं असंही नाही. झी मराठीवर २०१८ मध्ये सुबोध भावे आणि गायत्री दातार यांची ‘तुला पाहते रे’ आली. वयातलं मोठं अंतर आणि पुनर्जन्म, अशी ती गोष्ट. २०१९ मध्ये ती कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ झाली, २०२० मध्ये तेलुगूत गेली आणि २०२५ मध्ये हिंदीत ‘तुम से तुम तक’ म्हणून आली. नुसत्या नावात फरक बघा. मराठीतली ‘तुला’ आणि ‘रे’ म्हणते, तेव्हा वय, पैसा, मानपान सगळं एका अक्षरात बाजूला पडतं. हिंदीत ‘तुम’ झालं, थोडं अंतर राहिलं.

म्हणून मला वाटतं, रूपांतर जमलं की नाही हे कपड्यांवरून किंवा बंगल्यावरून ठरवू नये. कोण कोणाला काय म्हणतं, ते ऐकावं. पुढच्या वेळी सबटायटलमध्ये ‘यू’ आला की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, इथे ‘तू’ हवा होता की ‘तुम्ही’? अर्धी गोष्ट तिथेच कळेल.