राळा : घरच्या हंडीसाठी आणि गोठ्यासाठी

मागच्या वर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेत वेदीसमोर नेहमीप्रमाणे सोयाबीनची पोती आणि मूग-उडदाची गाठोडी आली. त्यांच्यामध्ये एका पारधी कुटुंबाने सुपात पिवळसर, मोहरीएवढे बारीक दाणे आणून ठेवले होते. शहरातून आलेल्या एका तरुणाने मला हळूच विचारले, "हे तर आम्ही घरी लव्हबर्डला घालतो. माणसं खातात हे?"

खातात. या दाण्याचे नाव राळा. हिंदीत कांगणी, तेलुगूत कोर्रा, कानडीत नवणे. सोलापूर-कोल्हापूरकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, बाजरीच्या भाकरीबरोबर राळ्याचा भात करतात. आमच्याकडे मात्र चाळिशीच्या आतल्या कुणाला तो ओळखता येत नाही. पवित्र शास्त्रात यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायात भाकरीसाठी सांगितलेल्या धान्यांमध्ये एक बारीक भरडधान्य आहे, ते हेच का, असेही मला विचारले जाते. बहुधा नसावे. राळ्याचे मूळ उत्तर चीनमधले. तिथे तो सुमारे ८,००० वर्षांपासून पेरला जातो.

सध्या भरडधान्यांची चर्चा फार आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, सरकारने त्यांना 'श्रीअन्न' असे नाव दिले. त्यामुळे काही देणगीदार बंधुभगिनी विचारतात, "मग आदिवासींना राळ्याचं बियाणं वाटून का टाकत नाही?" या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल.

दुसरबीडच्या आसपास आपल्या ओळखीच्या ज्या कुटुंबांकडे जमीन आहे, ती बहुतेक उताराची, मुरमाड, बरड. त्यावर आता सोयाबीन असते. सोयाबीन विकून पैसा येतो आणि तो कृषी केंद्राच्या व किराणा दुकानाच्या उधारीत जातो. घरात शिजवायला काही उरत नाही. पूर्वी ज्वारी होती तेव्हा दाणा माणसाला आणि कडबा बैलाला असा हिशेब होता. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, पण नाइलाजाने. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, त्याचा मोठा आधार आहे; मात्र रेशनच्या पोत्यातून शेळीला चारा मिळत नाही. दसऱ्यानंतर तरणी माणसे ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे, लेकरे आणि शेळ्या राहतात. चारा नसला की शेळ्या जाण्याआधीच पडेल भावात विकल्या जातात. म्हणून जुलैत पेरून माणसे घरी असतानाच हातात येणारे, दाणा आणि चारा दोन्ही देणारे पीक आम्ही शोधत होतो.

राळा ७५ ते ९० दिवसांत तयार होतो. गव्हाला जेवढे पाणी लागते त्याच्या निम्म्याच्या आसपास पाण्यात तो तेवढाच पाला-दाणा तयार करतो. पाऊस लांबला आणि सोयाबीनची वेळ निघून गेली तरी जुलैअखेरपर्यंत तो पेरता येतो. एक गोष्ट त्याला अजिबात सहन होत नाही, ती म्हणजे साचलेले पाणी. काळ्या चिबड रानात तो पिवळा पडतो. बरड उतारावर, जिथे सोयाबीनचा खर्चही निघत नाही, तिथेच त्याला जागा द्यावी.

पेरणीतली चूक बहुतेक वेळा खोलीची असते. एका किलोत चार लाखांच्या आसपास दाणे बसतात, इतके ते बारीक. एक इंचापेक्षा खाली गेला की कोंब वर येत नाही. एकरी ३ ते ४ किलो बियाणे पुरते. ते तसेच चाड्यात टाकले तर मूठभर एकाच जागी पडते, म्हणून चाळलेल्या शेणखतात किंवा बारीक वाळूत मिसळून पेरावे. ओळींत एक फूट अंतर, आणि उगवल्यावर पंधरा-वीस दिवसांत विरळणी. पहिला महिना रोप लहान असते, तेव्हा एक निंदण आणि एक-दोन डवरणी चुकवू नयेत. पुढे ते स्वतःच गवताला दाबते. पाच ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतली तर वरणाचीही सोय होते, आणि ती गरज खरी आहे, कारण राळ्याच्या प्रथिनात जे कमी आहे ते डाळ भरून काढते. आंध्रातल्या नंद्याल संशोधन केंद्राचे एसआयए ३०८५ आणि एसआयए ३१५६ हे वाण चांगले मानले जातात. आणण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावे.

चाऱ्यासाठी कापायचा असेल तर कणीस निसवायच्या सुमारास कापावा. एकदा कापला की तो पुन्हा नीट फुटत नाही, त्यामुळे दोन-तीन कापण्यांची आशा ठेवू नये. कणीस पक्के झाले की त्यावरचे ताठ केस जनावराच्या तोंडाला टोचतात. दाणे काढून घेतल्यावरचे सरमाड मात्र मऊ, बारीक असते आणि बैल ते न तोडता खातो. कोवळ्या ज्वारीने जनावराला विषबाधा होते, तशी भीती राळ्यात नाही. ज्यांच्याकडे तट्टू आहे त्यांनी मात्र सांभाळावे. घोड्याला नुसता राळ्याचाच चारा दिला तर त्याच्या मूत्रपिंडाला आणि सांध्यांना त्रास होतो.

चांगल्या वर्षी एकरी ४ ते ६ क्विंटल दाणे आणि त्याच्या दुपटीच्या आसपास चारा धरायला हरकत नाही. पाखरे राखली तर! कणसे भरू लागली की चिमण्यांचे थवे उतरतात, आणि गावात एकट्याचाच राळा असला तर सगळी पाखरे त्याच्याच वावरात. म्हणून आम्ही शेजारच्या तिघा-चौघांनी मिळून पेरायला सांगतो.

आता खरी अडचण. एका आजींना मी विचारले होते, तुम्ही राळा पेरणं का सोडलं? त्या म्हणाल्या, "पेराले काई नाई लागत, भाऊ. सडाले कोन बसते?"

राळ्याच्या दाण्यावर चकचकीत, कडक टरफल असते. ते काढल्याशिवाय तो शिजवता येत नाही. पूर्वी बाया जात्याची वरची तळी जरा उचलून धरून तो भरडत, सुपाने पाखडत, मग उखळात सडत. दोन वेळच्या भातासाठी सकाळ जायची. गव्हाच्या गिरणीत टाकला तर टरफलासकट पीठ होते. मेळघाटात कोरकू बायांची कुटकीबाबत हीच तक्रार असते. ज्यांनी दिवसभर मजुरी करायची, त्यांना "पारंपरिक पौष्टिक अन्न खा" असे सांगणे सोपे आहे. उखळ सांगणाऱ्याच्या घरी नसते. बियाणे वाटून न टाकण्याचे पहिले कारण हेच. सडायची सोय नसलेल्या घरात राळा एक वर्ष पेरला जातो, पुढच्या वर्षी नाही.

दुसरे कारण बाजार. शहरात सडलेल्या राळ्याची पाकिटे महाग विकली जातात हे खरे. परंतु ज्वारी, बाजरी, नाचणीला हमीभाव आहे, राळ्याला नाही. टरफलासकट राळा घेऊन गरीब शेतकरी बाजारात गेला तर व्यापारी म्हणेल तो भाव. म्हणून आमचा सल्ला अर्ध्या एकराचा असतो, तोही घरासाठी. अर्ध्या एकरातून २ ते ३ क्विंटल आला, तर सडून त्याच्या दोन तृतीयांश तांदूळ निघतो. रोज एक किलो शिजवला तरी चार ते सहा महिने पुरतो.

खाण्याबद्दल थोडे सांगतो, कारण यात अतिशयोक्ती फार चालते. १०० ग्रॅम राळ्यात सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात, तांदळाच्या जवळजवळ दीडपट. तंतूही जास्त. कॅल्शियम मात्र नाचणीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. राळा खाऊन मधुमेह बरा होतो असे कुणी सांगितले तर गोळ्या बंद करू नयेत. भात करताना तो तासभर भिजवून अडीच पट पाण्यात शिजवावा. गुळाची खीर लेकरे आवडीने खातात. राळा टरफलासकट वर्षानुवर्षे टिकतो, पण सडलेला लवकर खवट होतो. कणगीत टरफलासकटच ठेवावा आणि पंधरा दिवसांपुरता सडून घ्यावा.

म्हणून यंदा मदतीची विनंती बियाण्यासाठी नाही. सिंगल फेजवर चालणारे सडण्याचे लहान यंत्र आम्हाला हवे आहे. ते बचत गटाच्या बायांनी चालवायचे, सडाई त्यांनीच ठरवायची, आणि निघालेला कोंडा-टरफल त्यांच्याकडेच राहील. बियाणे सुपातल्या त्या राळ्यातून ठेवले आहे. ज्या कुटुंबाने ते आणले, त्यांनीच चौघा शेजाऱ्यांना पायली-पायली द्यायचे कबूल केले आहे, पुढच्या हंगामात परत घेण्याच्या बोलीवर.